डावीकडे वळलेली गाठ

सासूबाईंनी माळेतला एक मोती दातांवर हलकेच घासून पाहिला. बारीक रेतीसारखा खरखरला. दुसरा घासला, तोही तसाच. खोटा असता तर काचेसारखा गुळगुळीत लागला असता. मग माळ उसवली कशाला?

ही माळ त्यांनीच गेल्या महिन्यात ओवून दुकानात पोचवली होती. आज कडी तुटली म्हणून परत आली आणि हातात घेताच बोटांना खटकली. दर दोन मोत्यांमध्ये एक गाठ असते. सासूबाईंची गाठ उजवीकडे वळते. या माळेतली एकूणएक गाठ डावीकडे वळलेली. घरात डावखुरी एकच, सूनबाई. काम तिला शिकवलं होतं तेही त्यांनीच.

ओवलेली माळ माणूस उसवतो ती मोती बदलायला. समुद्रातले कल्चर्ड मोती हे. आत माणसाने ठेवलेला मणी, वर शिंपल्याने चढवलेला थर. जाड थराचा काढून पातळ थराचा घातला तर दातालाही कळत नाही. दुकानदार डोळे मिटून मोती हवाली करायचा ते सासूबाईंच्या नावावर. ते नावच मातीत जायचं.

"आई, कडीच बसवायचीय ना? द्या इकडे."

"राहू दे. पोरीला आत्ता क्रीम लावलंस. मोत्यांना चालत नाही ते."

"हात धुतलेत हो."

"तरी राहू दे."

सूनबाईने हात मागे घेतला. जरा जास्तच पटकन घेतला, असं सासूबाईंना वाटलं. मग सगळंच दिसायला लागलं. तिची नवी चप्पल. बाल्कनीत जाऊन हळू आवाजात बोललेले फोन. दुपारी "आई, पडा ना जरा" म्हणून केलेला आग्रह. एवढी माया अचानक कुठून उतू जायला लागली?

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी नवी माळ ओवली. सुई दोनदा बोटात शिरली. "हा बल्बच मेला मरतुकडा," त्या पुटपुटल्या. माळ डबीत ठेवली आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "पडते गं मी. डोळा लागला तर उठवू नकोस."

भिंतीकडे तोंड करून त्या जाग्याच राहिल्या. थोड्या वेळाने डबीचं झाकण वाजलं. त्या अनवाणी उठल्या आणि दाराच्या फटीशी उभ्या राहिल्या.

सूनबाई खिडकीखाली बसली होती. मांडीवर पोर झोपलेलं. तिने माळ उचलून जराशी हलवली. मोती एकमेकांवर आपटून किणकिणले. घट्ट ओवलेली माळ किणकिणत नाही. सासूबाईंनी हे तिला किती वेळा ऐकवलं होतं. गाठ सैल राहिली की मोती मोत्याला घासतो आणि भोकाच्या कडेचा थर उडतो.

सूनबाईने दोरा कापला. मोती जसे उतरत होते तशाच ओळीने टॉवेलवर मांडले, एकही इकडचा तिकडे नाही. मग नवा रेशमी दोरा घेऊन डाव्या हाताने पहिली गाठ मोत्यापर्यंत सरकवली. पोर चुळबुळलं, तशी ती त्याच्या कानाशी कुजबुजली, "शू... आजीला नाही सांगायचं हं. दुकानात कळलं तर आजीचं काम जाईल. मग आजी कुणावर ओरडणार?"

सासूबाई पाऊल न वाजवता परत पलंगापाशी गेल्या, तिथून मोठ्याने खोकल्या आणि चपला फरफटत निघाल्या. त्या बाहेर येईपर्यंत टॉवेल दुमडलेला होता.

"उठलात? चहा टाकू?"

"नंतर. ती पोर दे माझ्याकडे." नातीला खांद्यावर घेत त्या खुर्चीत टेकल्या. "आणि आजपासून गाठी तू मार. माझी नखं फार वाढलीत, मोत्यांवर ओरखडे पडतील."

सूनबाईने त्यांच्या नखांकडे पाहिलं. कालच कापलेली होती.

"मी पुसून देत जाईन," सासूबाई म्हणाल्या. "डावीकडून मारल्यास तरी चालेल."

"आई, मी..."

"हळू. जागी होईल."

संध्याकाळी माळ पुरी झाली. सासूबाईंनी मऊ फडकं किंचित ओलं केलं आणि डोळे मिटून एकेक मोती पुसत गेल्या. अंगठा प्रत्येक गाठीवर क्षणभर थांबत होता. कडीपाशी पोचल्यावर त्यांनी माळ उचलून कानाशी हलवली. आवाज आला नाही. मग दोरा वाळेपर्यंत ताणला जाऊ नये म्हणून ती कोरड्या टॉवेलवर आडवी निजवली, आणि सुईची डबी सूनबाईच्या बाजूला सरकवली.