चाळीस ग्रंथी

"आरं बाबा, ट्रॅक्टर जरा कडंला घे की! का आज हितंच मुक्काम करायचाय?"

जॉन्सन स्कूटरवरूनच ओरडला. पाटसपाशी उसाची एक ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती आणि तिच्यामागे अख्खं जग थांबलं होतं. पुढचा ट्रॅक्टरवाला खाली उतरून निवांत ऊस सोलत बसला होता.

"उडून जावा मग मामा. आन् त्या डब्यात काय हाय एवढं, सोनं?"

"बोकडाच्या ग्रंथी हायत."

"मटणासाठी एवढी घाई?" ट्रॅक्टरवाला खदाखदा हसला. मागचे दोघे-तिघेही हसले. जॉन्सनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तीस वर्षं शिरूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून काढली, तरी आपण डब्यातून काय नेतो हे घरच्या बायकोला त्याला धड सांगता आलं नव्हतं, तर या उसवाल्याला काय कपाळ सांगणार!

कॉलेजात शिकवणाऱ्या अनुपमा मॅडमनी मात्र त्याला सांगितलं होतं, अगदी बाकावर शेजारी बसवून. मूत्रपिंडाच्या डोक्यावर चरबीत दडलेली, शेंगदाण्याहून थोडी मोठी एक ग्रंथी असते. माणूस असो की बोकड, भ्यायला की छातीत धडधड होते, ती या ग्रंथीतल्या रसामुळे. पेशींमध्ये हा रस इवल्या इवल्या पिशव्यांत भरून ठेवलेला असतो. मॅडमचं सगळं काम त्या पिशव्यांच्या कातडीवर. तिच्यात प्रथिनं किती, चरबी किती आणि कसली. त्या चरबीतला एक प्रकार नेहमी जास्त भरतो. कातडीत तो मुळातच असतो, की जनावर मेल्यावर ग्रंथी नासताना तयार होतो, हे मॅडमना बोकडाच्या बाबतीत छडा लावून सांगायचं होतं. म्हणून ग्रंथी कापल्या कापल्या बर्फावर हव्यात. पण गोठता कामा नयेत. गोठल्या की पिशव्या फुटतात आणि सगळा काला होतो.

एवढं नाजूक काम जॉन्सनशिवाय कुणाला जमत नव्हतं. तो राहायला दौंडात, तिथल्या खाटकांशी त्याची जुनी ओळख. भैरू खाटीक सुरी फिरवायचा आणि जॉन्सन गरम चरबीत बोटं घालून नुसत्या स्पर्शाने ग्रंथी उचलायचा. आज रविवार, चर्च बुडवून त्याने सकाळी आठच्या आत वीस बोकडांच्या चाळीस ग्रंथी काढल्या होत्या. एकही चिरली नव्हती.

आणि आजच हा रस्ता! पिशव्या वेगळ्या करणारं गरगर फिरणारं यंत्र पुण्याहून उसनं आणलेलं होतं, उद्या सकाळी टेम्पो येऊन ते परत नेणार होता. मॅडमच्या प्रबंधाची मुदत महिनाअखेर संपत होती, ती आधी दोनदा वाढवून झालेली. आठ वर्षं राबली होती ती बाई. कंत्राटावर शिकवायचं, घर बघायचं आणि उरलेल्या वेळात हे. आज ग्रंथी पोचल्या नाहीत तर शेवटचं प्रकरण गेलं, आणि त्याच्यावाचून प्रबंधात राम नव्हता.

दीड तासाने वाट मोकळी झाली. मार्चचं ऊन कसलं मेलं, जाळतच होतं. वरवंडला थांबून त्याने डबा उघडला तर बर्फाचं पाणी झालेलं. बर्फाच्या दुकानाला कुलूप, शीतपेयवाल्याकडे वीज नाही. शेवटी एस.टी. थांब्यापाशी हनुमंत कुल्फीवाला दिसला.

"बर्फ हाय का? लय नड हाय बघा."

"का न्हाई? दवापाण्यासाठी हाय का मामा?"

"तसंच समजा."

"मग वरचा नगं, तळातला देतो. लय गार हाय." भला माणूस. कुल्फीची गाडी अर्धी रिकामी करून त्याने डबा गच्च भरून दिला. जॉन्सनने ग्रंथींची पिशवी मधोमध खुपसली, झाकण दाबलं आणि स्कूटर जी हाणली ती चौफुला, न्हावरा करत थेट शिरूर.

कॉलेजच्या आवारात झाडाखाली स्कूटर लावून त्याने सवयीने पिशवी चाचपली. ग्रंथी हाताला खड्यांसारख्या टणक लागल्या.

मग बोटाला लागलेलं पाणी त्याने जिभेवर ठेवलं. खारट! आता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कुल्फी गोठवायला बर्फात मीठ घालतात, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं! आयुष्यभर बर्फात हात घातलेल्या जॉन्सनला तेवढं घाईत आठवू नये?

"मूर्ख! बिनडोक!" तो स्वतःला मोठ्याने म्हणाला. बिचाऱ्या हनुमंतावर राग काढावा तर त्याने काय वाईट केलं होतं?

पिशवी हातात होती. ऊन होतं. दहा मिनिटं धरली असती तर ग्रंथी पुन्हा मऊ झाल्या असत्या, बाहेरून काही कळलं नसतं. मॅडमनी त्या वाटल्या असत्या, यंत्र फिरलं असतं, आकडे आले असते. खोटे, पण आकडे. प्रबंध मुदतीत सादर झाला असता, बाई सुटली असती. त्याच्याही नावाला बट्टा लागला नसता. पुढच्या वर्षी तर तो रिटायरच होणार होता.

त्याने मूठ आवळली आणि लगेच पिशवी डब्यात टाकली. मॅडम तेच आकडे सही करून छापतील, या विचारानेच त्याला कसंनुसं झालं.

अनुपमा दारातच उभी होती. "आलात मामा! देवासारखे आलात. द्या, द्या लवकर."

"मॅडम, गोठलं."

"काय?"

"कुल्फीचा बर्फ घातला मी. मिठाचा. समदं गोठलं. माझी चूक झाली."

तिने पिशवी घेतली, दाबून पाहिली. मग जे बाहेर पडलं ते त्याला अगदी अनपेक्षित होतं.

"सांगितलंत कशाला?" ती किंचाळलीच. "मला काय कळणार होतं? सांगितलंत कशाला मामा!"

ती स्टुलावर बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. यंत्राचा लाल दिवा तेवढा चालू होता. जॉन्सनने जाऊन तो बंद केला.

थोड्या वेळाने तिने तोंड धुतलं आणि पुण्याला गाईड सरांना फोन लावला. "हॅलो सर. नाही, आज नाही होणार. सॅम्पल आलंच नाही. हो, रस्ता बंद होता, ऊसवाल्यांनी अडवलेला. मामा पोचलेच नाहीत." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. त्याला वाचवत होती, हे त्यालाही कळलं.

फोन ठेवल्यावर जॉन्सन पुढे आला.

"तसं नगा सांगू मॅडम."

"मग काय सांगू? उगाच तुमचं नाव..."

"माझं नाव सांगा. मीठ मी घातलं म्हणा. पण सॅम्पल आलं न्हाई म्हणू नगा. चाळीसच्या चाळीस आणल्यात मी. एक चिरली न्हाई."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवी उघडून त्यातली एक गोठलेली ग्रंथी दिव्याखाली धरली. कडा अखंड होत्या, चरबीचा कण नव्हता. तिने ती परत ठेवली आणि फोन उचलला.

"सर, मघाशी चुकीचं सांगितलं मी. सॅम्पल आलं होतं. उत्तम काढलेलं होतं. येताना गोठलं." हे कसं कळलं, असं सरांनी विचारलं असावं. "हो सर, जॉन्सनमामांनीच सांगितलं."

जॉन्सन डबा घेऊन बेसिनपाशी गेला आणि त्याने नळ सोडला. मिठाचा बर्फ विरघळायला बराच वेळ लागला.