अळणी राखण

आखाड लागला की आमच्या पिंपरीत रानाची राखण द्यायची. बांधावर म्हसोबाचा शेंदरी धोंडा असतो, तो वर्षभर रान राखतो, म्हणून त्याला एक कोंबडा. तिथेच कापायचा, तिथेच निखाऱ्यावर भाजायचा आणि घरातल्या पुरुषांनी तिथेच बसून संपवायचा. बायकांनी जवळ जायचं नाही. का, ते मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "तुला चुलीचा धूर कमी पडतोय का?" पुन्हा विचारलं नाही.

राखणीचे दोन नियम मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक. पहिला घास धाकट्या भावानं थोरल्याला भरवायचा, मग थोरल्यानं धाकट्याला. भावाभावांत जे काही वाकडं झालं असेल ते त्या घासाबरोबर गिळायचं आणि मागाहून कुणी उकरून काढायचं नाही. आणि दुसरा नियम, राखणीचा कोंबडा अळणी. मिठाचा खडासुद्धा बांधावर न्यायचा नाही, मिठानं माती मरते.

पण आता बांधच उरला नव्हता. आमचं रान कारखान्याला गेलं. एकट्या आमचं नाही, निम्म्या गावाचं गेलं. पण बाकीचे लोक रडून-ओरडून गप्प झाले. माझा नवरा कोंडाजी काही गप्प होईना. कागदावर अंगठा देणार नाही म्हणत हे घरात बसले, आणि धाकटा मालोजी जाऊन अंगठा देऊन आला. त्याचं तरी काय चुकलं? रान जायचंच होतं. पण ह्यांनी त्याला दारात उभं करून सगळ्या आळीसमोर सांगितलं, "आईच्या अंगावरचं लुगडं फेडून दिलंस तू." त्याच आठवड्यात मालोजी बायकोला घेऊन दापोडीला गेला आणि तिथल्या लोखंडाच्या कारखान्यात लागला. तेव्हापासून दोघांचं तोंड दोन दिशांना.

माझा जीव मधल्यामध्ये. मी ह्या घरात आले तेव्हा मालोजी माझ्या पदराला धरून चालायचा. त्याला मी भरवलं, त्याचं नाक पुसलं, त्याच्या लग्नात करवलीसारखी मिरवले. त्याचं नाव ह्या घरात घ्यायचं नाही म्हणजे काय? मी घ्यायचे. मुद्दाम मोठ्यानं घ्यायचे. हे भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि ताटातलं ताटात राहायचं. उरलेली भाकरी कोंबड्यांना. त्या दोन वर्षांत कोंबड्या माजल्या आणि ह्यांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या.

एक गोष्ट मालोजीला ठाऊक नव्हती. तारेचं कुंपण पडायच्या आधी ह्यांनी डोक्यावर पाट्या वाहून रानातली काळी माती घरी आणली होती आणि अंगणाच्या कोपऱ्यात पसरली होती. फार तर एका घोंगडीएवढी जागा. दर पावसाळ्यात त्यात मूठभर बाजरी टाकायची आणि कोंबड्यांना हाकलत बसायचं. मी हसायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला हा माणूस. पण यंदा त्या मातीच्या कडेला ह्यांनी एक गोटा पुरला, त्याला शेंदूर फासला आणि मला म्हणाले, "यंदा राखण द्यायची. मालोजीला बोलाव."

माझा कानांवर विश्वास बसेना. मी त्याच पावली रस्त्यावर जाऊन युसुफ टांगेवाल्याजवळ दापोडीला निरोप धाडला. ह्या माणसाचं मन बदलायच्या आत मालोजी यायला हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"त्याला मातीचं आधी सांगायचं न्हाई," ह्यांनी मला बजावलं. "घास झाला की मी दाखवीन. निम्मं त्याचं हाय."

रविवारी दुपारी मालोजी आला. आभाळ गच्च भरलेलं होतं, पण पाऊस थांबला होता. काखेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. माझ्या पाया पडला आणि हळूच विचारलं, "दादा कसा हाय?"

"तूच बघ. भाकरीचा तुकडा जात न्हाई. तोंडाला चव न्हाई म्हणत्यात," मी म्हणाले. मला रडू आलं आणि मी रडले.

अंगणात तीन दगडांमध्ये बाभळीचे निखारे फुलले होते. कोंबडा साफ करून, छातीतून उलगडून, हळद-लसूण-मिरची चोळून तयार होता. हे त्याला नेहमीसारखं ओल्या काठ्यांवर लावायच्या खटपटीत होते. मालोजीनं गोणपाट सोडलं. आत लोखंडी गजांची जाळी होती, चारी कोपऱ्यांना पाय असलेली.

"म्या केली, दादा. सुट्टी झाल्यावर बसून केली. यावर ठिवलं की करपत न्हाई," तो म्हणाला.

ह्यांनी जाळी उचलून बघितली. मग तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरी हाय." आमच्या ह्यांच्या तोंडून 'बरी हाय' म्हणजे दुसऱ्यानं शाल-नारळ दिल्यासारखं. मी उंबऱ्याच्या आत उभी होते, तिथूनच म्हसोबाला हात जोडले.

कोंबडा जाळीवर चढला. चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडून चर्र व्हायला लागले. दोघे भाऊ उकिडवे बसले, एक पुठ्ठ्यानं वारा घालतोय, दुसरा तंगडी उलटवतोय. एकाचा गुडघा दुसऱ्याच्या गुडघ्याला लागला तरी कुणी हलवला नाही. बाजरीची पोपटी रोपं मालोजीच्या पाठीशीच होती. त्यानं ती बघितली असणार, पण कोंबड्यांसाठी टाकलेले दाणे उगवले असतील असं त्याला वाटलं असेल. कुणालाही तसंच वाटलं असतं.

कोंबडा भाजून तांबूस झाला. आता घास. मालोजीनं मऊ बघून एक तुकडा तोडला, फुंकर घातली आणि थांबला. ह्यांच्या गालांकडे, गळ्याच्या हाडांकडे त्यानं बघितलं. मग तुकडा पानावर ठेवून उठला आणि माझ्या शेजारून घरात शिरला. मला वाटलं, पाण्याचा तांब्या न्यायला आला. लहानपणापासून घर त्याचंच, कुठे काय ठेवलंय ते त्याला सांगावं लागत नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा त्याची मूठ मिटलेली होती.

"मालोजी, थांब!" मी ओरडले. पण तोवर त्यानं मूठ उघडली होती. खडेमीठ पानावरच्या तुकड्यावर, जाळीवरच्या कोंबड्यावर पडलं, निखाऱ्यात तडतडलं आणि उडून त्या रोपांमध्येही गेलं.

"आता कशाचं अळणी, दादा?" तो हसत म्हणाला. किती मायेनं म्हणाला ते माझं मला माहीत. "रान कुठं राहिलंय? तुला चव लागंल. चार घास खा तरी."

आणि पानावरचा तो मीठ लागलेला तुकडा उचलून त्यानं ह्यांच्या तोंडाजवळ धरला.

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणारा माणूस थकून गप्प बसतो. ह्यांनी तुकड्यावरचे पांढरे खडे बघितले, मग मागे वळून रोपं बघितली आणि अगदी हळू म्हणाले, "एकदा अंगठ्यानं मारलीस. आता मुठीनं."

मालोजीला काही कळेना. त्यानं माझ्याकडे बघितलं. राखणीजवळ न जायचा, जन्मात न मोडलेला नियम मी तेव्हा मोडला आणि अंगणात उतरून त्याला सांगितलं. ती माती कुठली, ती ह्यांनी कशी आणली, घास झाल्यावर काय बोलायचं ठरवलं होतं, सगळं सांगितलं. निम्मं तुझं होतं हेही सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा राखेसारखा झाला. हात मात्र तसाच पुढे धरलेला होता.

"दादा, मला ठावं नव्हतं. घे की रं. एवढा घास घे."

मीही विनवलं. शिव्याही घातल्या. म्हटलं, "अवो, माती कशाला कवटाळता, भाऊ दारात उभा हाय!" ह्यांचे ओठ उघडले नाहीत. मालोजीच्या बोटांवरून चरबी ओघळून थंड झाली, तेव्हा त्यानं तो तुकडा पानावर ठेवला, शेंदरी गोट्याला हात लावला आणि टोपी घालून निघून गेला. जाळी तिथेच राहिली.

भुरभुर सुरू झाली. निखारे फसफसत विझायला लागले. हे उठून मातीजवळ गेले आणि गुडघ्यांवर बसले. एकेका रोपाच्या बुडाशी नखानं चाचपत मिठाचे खडे वेचायला लागले. एक सापडला, दोन सापडले, ते धोतराच्या सोग्यात बांधून घेतले. मग सापडेनात. पाऊस वाढला तरी हे चिखलात बोटं घालून शोधतच होते, आणि मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्या डोक्यावर पोतं धरायलाही मी लवकर गेले नाही.

शेवटी गेले. म्हटलं, "उठा. मीठ गेलं आता."

त्यांनी मान वर केली. तोंडावरून पाणी वाहत होतं.

"कुठं गेलं?"

"मातीत," मी म्हणाले.