बेलभंडाऱ्यापुढचा शो

शेंद्र्याच्या हनुमाननं मेंढरांच्या रिकाम्या पत्र्याच्या शेडात राजकारणाचा शो सुरू केला, तव्हा गावानं त्याला पार येड्यात काढलं. ‘बोला की राव’ असं शोचं नाव. धाकटी बहीण योगिनी मोबाईल धरायची अन् हा गडी भर उन्हाळ्यात कोट घालून, टीव्हीवाल्यांसारखं तोंड करून विचारायचा, “आपली भूमिका काय?” बघणारं कोण? तर मामाचं घर, अन् ज्यांचं बोट चुकून पडलं ते.

मग एकदा माजी सरपंच कचरू आले. त्यांच्याच काळात बांधलेल्या पाण्याच्या टाकीचं विचारलं तर म्हणाले, “टाकी भरून वाहतीया!” तेवढ्यात हनुमानची आई म्हाळसाबाई चहा घेऊन आली. बाई आत्ताच लांबून दोन हंडे वाहून आलेली. तिचं डोकंच सणकलं. बाईच्या मेंढपाळ लोकांत भांडण मिटंना झालं की खंडोबाचा बेलभंडारा पुढं ठेवतात. खरा असंल त्यानं उचलायचा, खोट्यानं हात लावायचा नाय. बाईनं देव्हाऱ्यातली ताटली आणली, कचरूपुढं आदळली अन् म्हणाली, “उचला, अन् म्हणा टाकीत पाणी हाय.”

कचरूंचा हात निघाला. अर्ध्या वाटंत थांबला. तिथून वळून कानाकडं गेला अन् कान खाजवायला लागला. “जरा काम हाय,” म्हणत कचरू उठले ते एक चप्पल आपली अन् एक हनुमानची घालून पसार झाले.

योगिनीनं तेवढाच तुकडा टाकला. संध्याकाळपर्यंत लासूर स्टेशनपासून वेरूळपर्यंत लोक पोट धरून हसत होते.

तिथून शोनं जी उचल खाल्ली! आता दर पाहुण्यापुढं बेलभंडारा यायचा. पुढारी यायला घाबरायचे, पण नाय आलं तर ‘भ्याला’ म्हणतील म्हणून यायचेच. काटछाट नको म्हणून शो लाईव्ह झाला. कोट गेला, हनुमान आपल्या बोलीत बोलायला लागला. दर शोच्या सुरुवातीला छाती फुगवून म्हणायचा, “मी कुणाचा मिंधा नाय. कंपनीत घाम गाळतो, त्याच भाकरीवर शो चालतो!” या वाक्यावर पब्लिक लई खूश.

अन् तिथंच घोळ होता. नोकरी त्यानं दिवाळीआधीच सोडली होती. ड्युटी अन् शो दोन्ही जमंना. व्हिडिओवरच्या जाहिरातींवर घर चालत होतं, त्यात चोरी कसली? पण आईला सांगायचं कसं? लेक परमनंट व्हावा म्हणून ती शहराजवळच्या साताऱ्याच्या खंडोबाला अनवाणी गेली होती. म्हणून हा बहाद्दर रोज डबा घेऊन निघायचा, शहरात सिडकोतल्या कॅनॉटच्या बागेत बसून मोबाईलवर काम करायचा, तिथंच डबा खायचा अन् सुट्टीच्या टायमाला घरी यायचा.

मग आले अप्पाराव. जिल्ह्यातले पुढारी, राजकारणातलं जुनं खोड. रस्त्याच्या कामाचं विचारलं, म्हाळसाबाईनं ताटली ठेवली, तर हे हसले.

“उचलतो की! पण देवापुढं यजमान आधी. तुमचं ते वाक्य म्हणा, कंपनीतल्या भाकरीचं. अन् उचला.”

त्यांना काय बी ठाऊक नव्हतं. नुसती वेळ मारून न्यायची होती. पण हनुमान नेमका सापडला. मोबाईलवर ‘उचल भावा, उचल!’ सुरू झालं. नाय उचलावा तर शो बुडला. उचलावा तर समोर देव, अन् दारात आई. त्यानं हात पुढं केला. हात अर्ध्या वाटंत थांबला अन् थेट कानाकडं गेला.

योगिनीनं कपाळावर हात मारला.

“नाय उचलत,” हनुमान म्हणाला. “नोकरी सोडली मी. दिवाळीआधीच. समद्यांशी खोटं बोललो. आये, तुझ्याशी बी.”

“घ्या!” अप्पाराव मांडीवर थाप मारून म्हणाले. “लोकाला खरं बोलायला लावतोय!”

म्हाळसाबाई पुढं आली. “मला काय सांगतो? तुझे कपडे कोण धुतं? आधी ग्रीस निघता निघत नव्हतं. आता नुसती बागंतली माती अन् गवत. कंपनीत गवत उगवलं व्हय रं?”

“मग बोलली का नाय?”

“तू कव्हा बोलतो ते बघत व्हते. रोज डबा भरताना वाटायचं, आज सांगंल.” तिनं पदरानं डोळे पुसले. लई दिवसांचं दुखणं होतं ते. मग चिमूटभर भंडारा घेऊन लेकाच्या कपाळाला असा फासला की भुवया पिवळ्या झाल्या. “खंडोबाला माझं मी बघते. तू उद्यापासून घरीच जेवायचं.”

हनुमानला रडू यायला लागलं अन् हसू बी. मोबाईलवर काय चाललंय, हे बघायची त्याला शुद्धच नव्हती. अप्पारावांनी मात्र हीच वेळ साधली अन् ते हळूच उठायला लागले.

बाईनं ताटली उचलली अन् त्यांच्या पुढ्यात सरकवली.

“यजमानाचं झालं, साहेब. आता तुमचं.”

अप्पारावांनी ताटलीकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं, दाराकडं बघितलं. अन् त्यांचा हात सावकाश कानाकडं निघाला.