पाषाणकाका

पाहुणे आले की ती दाराआड जाऊन उभी राहायची आणि काही केल्या तोंड उघडायची नाही, म्हणून घरात तिचं नाव पडलं घुमी. पुढे हीच घुमी स्पीच थेरपिस्ट झाली. म्हणजे इस्पितळाच्या एका खोलीत बसून दिवसभर इतरांना बोलतं करायचं. तिच्या आत्याला हे अजून पचलेलं नाही. "जिला स्वतःला बोलायला नको, ती दुसऱ्याला काय शिकवणार, कपाळ!" असं ती चारचौघांत म्हणते आणि घुमी हसून सोडून देते.

त्या सकाळी मात्र आत्याचं म्हणणं खरं ठरायची वेळ आली होती. समोर बसलेल्या काकांनी चित्रांची कार्डं डाव्या हाताने सरकवून पार टेबलाच्या कडेला नेली. कप, किल्ली, कात्री, काहीच नको. पक्षाघाताच्या झटक्यात त्यांची वाचा गेली होती. समजायचं सगळं, पण शब्द तोंडापर्यंत येऊन परत जायचा. चालणं सुधारलं, उजवा हातही थोडा हलू लागला, बोलण्याची गाडी काही रुळावर येईना. साधं 'पाणी' म्हणता येत नाही असे पेशंटसुद्धा 'सोमवार' ऐकल्यावर 'मंगळवार' म्हणून मोकळे होतात, कारण पाठ झालेलं डोक्यात कुठेतरी वेगळं मुरलेलं असतं. घुमीने आकडे म्हणून पाहिले, वार म्हणून पाहिले, जुनी गाणी गाऊन पाहिली. काकांचा मंगळवार काही उगवला नाही.

त्यात भर म्हणजे काकू. काकूंच्या तोंडाचा पट्टा काकांना खुर्चीत बसवताना सुरू व्हायचा, तो लिफ्टचं दार लागेपर्यंत चालायचा.

"काका, हे काय आहे? सावकाश सांगा," घुमी कार्ड धरायची.

"कप आहे तो," काकू सांगायच्या. "आमच्याकडे असाच होता, कान तुटला त्याचा. मी म्हटलं टाकू नका, पेनं ठेवायला होईल."

"काकू, त्यांना बोलू द्या ना. तुम्ही जरा कमी बोला."

"हो, हो, बोलू देत की. मी कुठे काय म्हणतेय?"

घुमीने शेवटी हात टेकले होते. काकू बोलत असल्या की ती कान बंद करून घ्यायची आणि नजर काकांच्या ओठांवर ठेवायची. डॉक्टरांना वाटायचं, किती एकाग्र मुलगी आहे.

"उद्यापासून हे यायचं नाही म्हणताहेत," काकू म्हणाल्या. "म्हणताहेत म्हणजे, खुणेने. सकाळी बूटच घालेनात. आज कसंबसं आणलंय, तुमचा निरोप घ्यायला म्हणून."

हे मात्र घुमीला नीट ऐकू आलं. या टप्प्यावर ज्यांनी उपचार सोडले, त्यांतले बहुतेक कायमचे मुके झालेले तिने पाहिले होते. घरचे त्यांच्या वतीने बोलू लागतात, आणि हळूहळू त्यांना काही विचारणंच बंद होतं. इथे तर वतीने बोलणारं माणूस आधीच तयारीत बसलेलं होतं.

"काका, अजून थोडे दिवस द्या मला," ती म्हणाली. काकांनी मान हलवली. नाही.

"हट्टी आहेत," काकू म्हणाल्या. "आणि आवाज काय होता हो यांचा! कचेरी सुटली की रेडिओवर जायचे, जाहिराती करायचे. मग ती एक मालिका आली, उंबरठ्यांची. त्यात तो दगड नव्हता का बोलत? पोरंटोरं घाबरायची. अहो, आमच्या शेजारचा तर..."

"थांबा," घुमी म्हणाली. "कुठला दगड?"

"तो हो, दाराशी बसलेला. डोळे लाल व्हायचे बघा त्याचे."

घुमी खुर्चीतून उठून उभीच राहिली. इतके दिवस कागदावर 'निवृत्त' एवढंच होतं, आणि तिने पुढे काही विचारलं नव्हतं.

'सात उंबरठ्यांचं राज्य'! हरवलेल्या भावाला शोधत एक राजकन्या सात दारं ओलांडते आणि प्रत्येक दाराशी तोच दगडी द्वारपाल, पाषाण, आधीच येऊन बसलेला असतो. पहिल्या दारापासून दुसऱ्या दारापर्यंत तो कसा पोचतो, असा प्रश्न तेव्हा कुणालाही पडला नाही. डोंगर पुठ्ठ्याचे होते, कुणी टेकलं की हलायचे. उडत्या घोड्याची दोरी स्पष्ट दिसायची. पण पाषाण बोलू लागला की सगळं खरं व्हायचं. त्याचे ओठ हलायचे नाहीत, नुसते डोळ्यांतले दिवे लागायचे आणि जमिनीखालून यावा तसा तो आवाज यायचा. घुमीच्या अंगावर काटा यायचा आणि तो काटा तिला फार आवडायचा.

टीव्ही होता तळमजल्यावरच्या शिंपीकाकांच्या दुकानात. त्यांचं मोटरवालं मशीन चालू असलं की पडद्यावर रेघा यायच्या, म्हणून मालिकेच्या वेळी ते मशीन बंद करायचे. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो. "राजकन्या चौथ्या दाराशी उभी आहे, तुमच्या बाहीचं काय घेऊन बसलात?" असं तोंडावर सांगायचे. पोरं चिंध्यांच्या ढिगावर बसायची, नव्या कापडाचा वास यायचा, आणि शीर्षकगीत लागलं की सगळे एकदम गप्प. गप्प बसण्यात तरबेज असलेल्या घुमीला तेवढा वेळ सगळे आपल्यासारखे झाल्याचा आनंद व्हायचा.

मग जिन्यात खेळ. बाकीच्या मुलींना राजकन्या व्हायचं असायचं, त्यासाठी चादरीवरून मारामाऱ्या व्हायच्या. घुमीला पाषाणकाका व्हायचं असायचं. ती पाण्याची रिकामी बादली आणायची, डोकं आत घालायची आणि गर्जायची. बादलीत तिचा आवाज मोठा आणि जाड व्हायचा. एरवी 'हो' आणि 'नाही'वर काम भागवणारी मुलगी बादलीच्या आत तासभर बोलत असे. आवाज घशात कुठे तयार होतो, छातीत कुठे घुमतो, याचं वेड तिला तिथेच लागलं. लोकांना ती 'मला शास्त्राची आवड होती' असं सांगते. खरं कारण बादली आहे.

आणि आता तो आवाज समोर बसला होता, निळा स्वेटर घालून, आणि उद्यापासून यायचं नाही म्हणत होता.

"काका, तुम्ही पाषाण?" ती म्हणाली. "मी तुमच्यासाठी जगत होते हो! एक भाग चुकू नये म्हणून मी ताप लपवला होता."

काकांनी भुवई उंचावली, बाकी काही नाही. असे चाहते त्यांनी बरेच पाहिले असणार.

घुमीने इकडेतिकडे पाहिलं. खोलीत बादली नव्हती. कोपऱ्यात कागद टाकायची प्लॅस्टिकची टोपली होती, ती तिने टेबलावर उलटी केली. चुरगळलेले कागद घरंगळले. मग इस्पितळाच्या मॅडमनी टोपलीत तोंड घातलं आणि सगळा मजला हादरेल अशी गर्जना केली:

"थांब, वाटसरू! नाव सांग, नाहीतर दगड हो!"

काकू घाबरल्या नाहीत, उलट हसायला लागल्या. काका मात्र खुर्चीत ताठ झाले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. डावा हात वर आला.

"नाही," ते म्हणाले.

घुमीने टोपलीतून डोकं बाहेर काढलं.

"नाही. नाव सांग... आणि... आत ये."

आवाज फाटका होता, खाली कुठेतरी खरवडत होता, पण होता त्यांचाच. घुमीच्या हातातून टोपली सुटली.

"सगळे असंच म्हणतात," काकू डोळे पुसत, हसत सांगू लागल्या, "आणि हे सगळ्यांना सुधारायचे. भाजीवाल्याला, पोस्टमनला, एकदा तर दाढेला भूल दिलेली असताना दातांच्या डॉक्टरला! म्हणायचे, माझा पाषाण कुणाला दगड करत नव्हता, दार उघडून देत होता. सातही वेळा त्याने आतच घेतलं पोरीला."

खरंच की. घुमीला एकदम आठवलं. 'आत ये' म्हटल्यावर जिन्यातल्या खेळात काही गंमत उरत नव्हती, म्हणून गल्लोगल्लीच्या पोरांनीच ते 'दगड हो' करून टाकलं होतं, म्हणजे पुतळा होऊन उभं राहता यायचं. एवढी मोठी चाहती आणि आयुष्यभर खेळ लक्षात ठेवून मालिका विसरून बसली. तिला लाजही वाटली आणि हसूही आलं.

पण तिला हेही ठाऊक होतं, की ही दुरुस्ती पाठ झालेली होती, हजार वेळा केलेली. तो काकांचा मंगळवार होता. त्याच्या पलीकडे स्वतःचा शब्द आहे का, हे अजून कळायचं होतं, आणि विचारायला हीच वेळ होती.

तिने वाक्य त्यांच्याबरोबर पुन्हा म्हटलं. मग पुन्हा, अर्धं सोडून. काका पूर्ण करत गेले. दर वेळी आवाज थोडा मोकळा येत होता. मग घुमीने काकूंना हाताला धरून काकांच्या समोर उभं केलं आणि फक्त सुरुवात दिली, "थांब, वाटसरू. नाव..."

"सांग," काका म्हणाले.

"सांगा ना. कोण आहेत ह्या? नाव काय यांचं?"

काकूंनी सवयीने तोंड उघडलं आणि स्वतःच हाताने दाबून धरलं. काका त्यांच्याकडे बघत राहिले. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. गळ्याची शीर ताणली गेली.

"ब," ते म्हणाले. "बड... बडबडे."

घुमीच्या आशेवर पाणी पडलं. या आजारात असं होतं, हवा तो शब्द सापडत नाही आणि भलताच येतो. काकूंना वाईट वाटायला नको म्हणून ती समजावू लागली, "काकू, पहिल्यांदा असे चुकीचे शब्द येतातच हं. तुम्ही मनाला..."

"चुकीचा नाही हो," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक होऊ शकतो, हे घुमीला त्या दिवशी कळलं. "माझंच नाव आहे ते. लग्न झाल्यापासून. मी फार बोलायला लागले की हे तसं म्हणतात, मग मी गप्प बसते."

त्यांनी काकांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तुम्ही सारखं सांगायचात, काकू, कमी बोला. कशी कमी बोलणार? झटका आल्यापासून मी थांबलेच नाही. म्हटलं, कधीतरी वैतागतील, कधीतरी म्हणतील."