खिडकीजवळची जागा

“गाडीला स्टिअरिंग किती?” सर्जेरावांनी दोन्ही हातांनी हवेतच चाक धरत विचारलं.

“एक,” विश्वजीत म्हणाला.

“आन् ड्रायव्हर?”

“एकच.”

“झालं तर मग!” सर्जेराव खुर्चीत मागे रेलले. “दोघांनी स्टिअरिंग धरलं की गाडी नाल्यात. नवरा हा बायकोचं मस्तक, असं शास्त्र सांगतं. मी माझ्या पदरचं काही सांगत नाय.”

विश्वजीतने मान डोलावली. शेजारी बसलेल्या सोनियाने डोलावली नाही. ती मांडीवर उघडलेल्या पवित्रशास्त्रात बोट ठेवून बसली होती. पुढच्या महिन्यात दोघांचं लग्न होतं, आणि चर्चच्या मंडळीत लग्न ठरलेलं प्रत्येक जोडपं पाळकसाहेब आधी गारखेड्याला, सर्जेरावांच्या घरी शिकवणीला पाठवत. सर्जेरावांची सारी नोकरी एसटी चालवण्यात गेली होती. नोकरीत त्यांना कधी अपघात झाला नाही, आणि शिकवणीत कधी शंका आली नाही.

आत दगडाबाई भाकरी थापत होत्या. तो एकसारखा आवाज सर्जेरावांना बाहेर ऐकू येई आणि बरं वाटे. बायको कशी असावी हे सांगून थकले की ते हाताने स्वयंपाकघराकडे खूण करत. उदाहरण घरातच असल्यावर बाहेर कशाला शोधायचं?

फक्त एक गोष्ट या चार दिवसांत त्यांना खटकत होती. दाराआड एक निळी पिशवी भरून ठेवलेली होती. दगडाबाईंची थोरली बहीण चतुराबाई लासूर स्टेशनला अंगणात घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. घरी ती एकटीच. निरोप आला त्याच दिवशी दगडाबाईंनी पिशवी भरली आणि विचारलं, “जाऊ का?”

“आन् इथं माझ्या जेवणाचं काय?” सर्जेराव म्हणाले होते. “बघू नंतर.”

दगडाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. पिशवी मात्र रिकामीही केली नाही. येता-जाता ती सर्जेरावांच्या पायात येई, आणि ते ती आणखी आत सरकवत.

“काका, एक विचारू?” सोनियाने बोट न उचलता म्हटलं. “बायकोनं अधीन राहायचं, ते कळलं. पण खाली नवऱ्याचं बी लिहिलंय. त्यानं बायकोवर ख्रिस्तासारखी प्रीती करायची. ख्रिस्तानं तर मंडळीसाठी स्वतःला दिलं.”

“दिलं ना. पुढच्या रविवारी शिकवणीत तेच घेणार हाय.”

“तसं नाय काका. तुम्ही काकूंसाठी काय दिलं, ते सांगा ना. म्हंजे याला समजंल.”

तिच्या आवाजात तिरकसपणा अजिबात नव्हता. पोरगी खरोखरच विचारत होती, आणि विश्वजीतही वही सरसावून बसला होता. सर्जेराव हसले. हे काय अवघड! पगार? तो तर कोणीही घरात देतो. तंबाखू सोडली, पण ती डॉक्टरने दम दिल्यावर. त्यांनी घसा साफ केला. मोठ्या माणसाने स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये, असा सोयीचा विचार नेमका त्याच वेळी त्यांच्या मदतीला धावून आला.

“अगं ए, बाहेर ये जरा,” त्यांनी हाक मारली. “या पोरांना सांग, मी तुझ्यासाठी काय काय सोडलं ते.”

दगडाबाई पिठाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“व्हय, सांगते की,” त्या म्हणाल्या.

आणि आठवू लागल्या. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा पायांकडे. “तवा वैजापूरला...” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. “नाय, ते तर तुमच्या आईसाठी होतं.” नवऱ्याने सांगितलंय म्हणून त्या मनापासून शोधत होत्या, भरल्या घरात हरवलेली किल्ली शोधावी तशा. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास बाहेर आला. दगडाबाईंची भाकरी कधी करपत नसे. आयुष्यात पहिल्यांदा सर्जेरावांना वाटलं, ही खोटं बोलली तरी चालेल.

“आठवलं!” दगडाबाईंचा चेहरा उजळला. “लग्न लागलं आन् आम्ही एसटीनं इकडं आलो. गाडी खच्चून भरलेली. यांना कशीबशी एक जागा मिळालेली, खिडकीजवळची. ती यांनी मला दिली. सगळा रस्ता मी वारा खात आले, आन् हे उभ्यानं.”

“किती छान!” सोनिया म्हणाली. विश्वजीतने वहीत लिहून घेतलं.

दगडाबाई घाईने तव्याकडे वळल्या. सर्जेराव मात्र जागचे हलले नाहीत. त्यांना तो दिवस लख्ख आठवत होता. गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा निघाला, म्हणून जागा सोडून ते त्याच्याशेजारी बॉनेटवर गप्पा मारायला जाऊन बसले होते. नवरी मागे एकटीच होती, आणि शहर येईपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. त्या गोष्टीला ही बाई इतकी वर्षं दान समजून बसली होती! त्यांना शरम वाटली.

पोरं सलाम करून निघाली. सर्जेराव आत गेले. दगडाबाई करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात ठेवत होत्या. सर्जेरावांनी ती उचलून आपल्या ताटात घेतली.

“करपलीय ती,” दगडाबाई म्हणाल्या.

“दिसतंय मला,” ते म्हणाले. “उद्या सकाळी लासूरला जायचं.”

“आन् तुमच्या जेवणाचं?”

“मी बी येतोय.”

दुसऱ्या दिवशी मध्यवर्ती बसस्थानकावर निळी पिशवी सर्जेरावांच्या हातात होती. दगडाबाई खिडकीजवळ बसल्या, ते त्यांच्या शेजारी. गाडी सुटायला आली तेव्हा ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि ओळखून ओरडला, “काका, मागं कशाला बसले? या की पुढं!”

“जावा,” दगडाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “बॉनेटवर बसा. तवा बी तिथंच गेला होता.”

सर्जेरावांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

“तुला ठाऊक होतं?”

“मी काय आंधळी होते? साऱ्या रस्त्यात तुमची पाठ बघत आले.”

“मग काल पोरांम्होरं तसं का सांगितलं?”

दगडाबाईंनी पदर नीट केला. “तुम्हीच म्हणाले ना, सांग म्हणून. दुसरं काही आठवंना. आन् तुमची मान खाली गेलेली मला बघवली नसती.”

“काका, येताय ना?” ड्रायव्हरने पुन्हा हाक दिली.

“नाय रे बाबा,” सर्जेराव म्हणाले. “मला जागा हाय.”

गाडी स्थानकाबाहेर पडली. ड्रायव्हरचा हात अजून नवखा होता. वळणावर त्याने गिअर खरकन टाकला, आणि सर्जेरावांचा डावा पाय सवयीने क्लच दाबायला पुढे गेला. त्यांनी तो मागे घेतला, पिशवी मांडीवर नीट धरली आणि विचारलं, “चतुराकडं पाणी कुठून भरावं लागतं?”