मढ्याच्या नाकातलं रक्त

लिंडेनबाखच्या पाणचक्कीपुढे अख्खं गाव लोटलं होतं. चक्कीचा मालक एन्ड्रेस मंगळवारी मेलेला सापडला. ऐन उन्हाळ्यात चार दिवस त्याचं मढं फळीवर ठेवलेलं, आणि शेजारी खुनाच्या आळावरून हात बांधलेली त्याची मोलकरीण अपोलोनिया. खुन्यानं हात लावला की मढ्याला रक्त फुटतं, हा तिथला पिढीजात न्याय. फासाचा दोर आधीच झाडाला टांगून ठेवला होता.

मेलेल्याचा भाऊ कुन्त्स भारी धार्मिक. त्यानं जाडजूड बायबल मढ्याच्या पोटावर ठेवलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं.

"बोल दादा. देवाच्या दारात कुणाची भीड?"

अपोलोनियानं बोट टेकवलं. मढ्याच्या नाकातून काळपट रक्त ओघळलं.

डॉक्टर किलियान श्ट्रोबेल तळ्यातले बेडूक गोळा करायला आले होते. इटलीत शरीरशास्त्र शिकलेला हा माणूस गावाच्या लेखी नुसता मढीफाड्या. ते पुढे झाले. "मलाही हात लावू द्या."

"तुमचा काय संबंध?" शहरातून आलेल्या न्यायाधीशांनी विचारलं.

"काहीच नाही. मंगळवारी दिवसभर मी तुमच्याच घरी बाईसाहेबांचा ताप बघत होतो."

डॉक्टरांनी एका हातानं बायबल दाबलं, दुसऱ्यानं मढ्याला स्पर्श केला. रक्त आलं.

"धरा त्याला," कुणीतरी ओरडलं. "मला ठाऊकच होतं."

डॉक्टर घाबरले. पण आवाज त्यांनी चढू दिला नाही. "आता तुम्ही, न्यायाधीशसाहेब."

गाव बघत होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. डॉक्टरांनी पुस्तक दाबलं, साहेबांनी बोट लावलं, आणि रक्त पुन्हा ओघळलं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तिघांनाही फासावर देता?" डॉक्टरांनी बायबल उचलून कुन्त्सच्या हातात दिलं. "अपोलोनिया, आता ठेव हात."

तिनं ठेवला. काहीच झालं नाही.

"मी छत्तीस प्रेतं उघडलीत. उन्हाळ्यात मढं आतून कुजतं, पोट वायूनं फुगतं. वरून दाबलं की आतलं रक्त नाकावाटे येतं. त्याला पाप-पुण्य कळत नाही. विचारायचं ते जिवंतांना विचारा. मंगळवारी चक्कीत कोण होतं, हे चार दिवसांत एकानं तरी विचारलं?"

"कुन्त्समालक होते," अपोलोनिया म्हणाली. "मी पहिल्या दिवसापासून सांगतेय."

कुन्त्स पुस्तक छातीशी धरून मागे सरकत होता. लोकांनी त्याला घेरलं. दोघं त्याच्यासाठी दोर खाली घ्यायला झाडाकडे धावले.

"दोर राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "आधी त्यालाही विचारा."