एका घोंगडीत दोन वैरी

मी घोंगडी बोलतेय. जाड, काळी, अंगाला टोचणारी. मेलिटेनं मला मागावर विणायला घेतलं, तेव्हा तिचा नवरा डोरियोन मनातून खूश होता. त्याची जुनी घोंगडी पार विरली होती. पण मी मागावरून उतरले आणि मेलिटेनं मला दाराजवळच्या खुंटीवर टांगलं. ही पाहुण्याची, म्हणाली. म्हातारा कुरकुरला, पण करतो काय? दारी आलेला परका माणूस देवांचा राजा झ्यूसनं धाडलेला असतो. झ्यूसशी एक वेळ वाद घालता येईल, मेलिटेशी नाही.

समुद्राकाठच्या त्या घरी कुणी ना कुणी यायचंच. वाट चुकलेले गुराखी, वल्ही मारून तळहात सोललेले खलाशी. मी सगळ्यांच्या खांद्यांवर पडले. काहींनी मला नाक पुसलं. दमलेली माणसं मोठ्या घरची असोत की भिकारी, घोरतात सारखीच.

एका हिवाळ्यात दुपारी उत्तरेचा वारा सुटलेला असताना थेरोन आला. तरुण पोरगा, अनवाणी, चिंब भिजलेला. आला तो थेट चुलीपुढच्या राखेत बसला, आसरा मागणारे बसतात तसा. डोरियोननं हात धरून त्याला उठवलं, मेलिटेनं ऊन पाण्यानं त्याचे पाय धुतले आणि मला त्याच्याभोवती लपेटलं. मग जवाची भाकरी, शेळीचं चीज, अंजिरं. पाहुण्याचं जेवण होईपर्यंत नावगाव विचारायचं नाही, अशी रीत. मेलिटेच्या ओठांवर प्रश्न नाचत होता आणि हा गडी पुन्हा भाकरी मोडत होता!

शेवटी त्यानं सांगितलं. शेजारच्या बेटावर कुरणावरून भांडण झालं, त्याच्या काठीनं एकाचा हात मोडला. आता त्या माणसाचे भाऊ ह्याचा उजवा हात मोडायला मागावर होते. थेरोन वल्हेकरी, हात गेला की पोट गेलं. बोलताना त्यानं मला दोन्ही मुठींत आवळून धरलं होतं.

तेवढ्यात दार वाजलं. थेरोननं मला डोक्यावरून ओढून घेतलं आणि तो कोपऱ्यात मुटकुळं करून पडला.

दारात दोघे भाऊ होते, गारठून निळे पडलेले. थोरला आग्रिओस उंबऱ्यातूनच सांगू लागला की आम्ही एकाला शोधतोय. डोरियोनचा चेहरा पांढरा पडला.

मेलिटे म्हणाली, "आधी बसा. उपाशी माणसाचं बोलणं मी या घरात ऐकत नाही."

तिनं त्यांचेही पाय धुतले, तीच भाकरी, तेच चीज वाढलं. बिचारे अधाशासारखे जेवले. मग ती उठली, कोपऱ्यात गेली आणि तिनं मला सरळ थेरोनच्या अंगावरून उचललं.

"घोंगडी एकच आहे. तिघांनी वाटून घ्या."

आग्रिओसचा हात कमरेच्या सुरीवर गेला. तोंडात अजून घास होता.

"गिळ आधी तो," मेलिटे म्हणाली. "आणि मग सांग, एकाच चुलीवरची भाकरी खाल्लेल्या माणसावर हात उचलणार आहेस का?"

"म्हातारे, तू आम्हाला फसवलंस."

"जेवू घातलं, बाळा."

बाहेर वारा घोंघावत होता. शेवटी धाकट्याचे दात इतके वाजू लागले की तो मुकाट्यानं माझ्याखाली शिरला, थेरोनच्या शेजारी. दात-ओठ खात आग्रिओस एकटा कुडकुडत बसला. मग त्यानंही माझं एक टोक ओढून घेतलं. इतकी ताणली गेले की माझी एक कड उसवली.

माझ्याखालीच बोलणं सुरू झालं. भावाचा हात बरा होईपर्यंत त्याचं वल्हं थेरोननं मारायचं, असं ठरलं. हात वाकडाच बसला तर, आग्रिओसनं विचारलं. तर ते वल्हं मी जन्मभर मारीन, थेरोन म्हणाला. डोरियोननं देवासाठी चुलीत थोडी वाइन ओतली, आणि सुटकेचा निःश्वास टाकून उरलेली स्वतः प्याला.

सकाळी तिघे एकाच नावेतून निघाले. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं आणि घरात देण्याजोगी एक मीच होते. मेलिटेनं मला थेरोनच्या खांद्यावर टाकलं. डोरियोन माझ्याकडे पाहत राहिला, आणि मग हसला.

ज्याचा हात मोडला होता, तो पुढं थेरोनच्या लग्नात सगळ्यांत जास्त नाचला.

आता मी थेरोनच्या घरी असते. कसरीनं खाल्लंय, ठिगळं लागलीत. त्याची सून म्हणते, हिला आता गाढवाच्या पाठीवर टाकू. टाका की, माझी ना नाही. फक्त वाटेत कुणी कुडकुडताना दिसला, तर मला खाली उतरवा. गाढवाला स्वतःचे केस आहेत.